७० गुंठ्याला झटका मशीन लावलं त्याला १४ महिने झाले, रानडुकरांचा खरा अनुभव

झटका मशीन म्हणजे रानाभोवतीच्या तारेत ठोक्याठोक्यानं करंट सोडून जनावराला मागं फिरवणारं यंत्र. आमचं रान पाटण तालुक्यात, ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराला अगदी लागून. शेवटच्या तालीच्या पुढं करवंदीच्या जाळ्या आणि मग जंगलच. एकूण ७० गुंठे, त्यात ३० गुंठे ऊस, २५ गुंठ्यात भुईमूग आणि राहिलेल्यात मका नाहीतर हायब्रीड ज्वारी. मालक नवी मुंबईला मार्केटमध्ये माथाडी आहेत, गणपतीला आणि शिमग्याला येतात, बाकी वर्षभर घरात मी, सासूबाई आणि दोन पोरं. हे आधी सांगते कारण ज्यांच्या घरात रात्री राखणीला जायला चार माणसं आहेत त्यांचा हिशोब वेगळा आणि माझा वेगळा.

मशीन घ्यायच्या आधीच्या वर्षी सप्टेंबरात एका आठवड्यात भुईमूग गेला. शेंगा भरत आल्या की डुकराला कसं कळतं देव जाणे, आऱ्या (फुलातून जमिनीत उतरणाऱ्या दांड्या) सुटलेल्या असतात तोपर्यंत फिरकत नाहीत आणि दाणा धरला की कळप खाली उतरतो. सकाळी जाऊन बघितलं तर ओळीच्या ओळी नांगरून काढल्यासारख्या, वेल उलटे पडलेले, टरफलांचा खच, आणि मधीच लोळून केलेला खड्डा. खाल्लं त्याच्या दुप्पट नासलं. पोत्यांचा हिशोब नंतर झाला, पहिल्यांदा मी बांधावर बसून नुसती बघत राहिले, पेरणी मी केलेली, दोन खुरपण्या मी आणि सासूबाईंनी मिळून केलेल्या. वनखात्याकडं तीन दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, तो केला, पंचनामा झाला, पैसेही आले पण त्यात बियाणं आणि खत निघालं, मेहनत नाही निघाली.

त्याआधी सगळं करून झालं होतं. जुन्या साड्या रानाभोवती बांधल्या, वाऱ्यानं हलतात तोवर चार दिवस डुकरं बिचकली, पाचव्या दिवशी साडी फाडून आत. न्हाव्याकडून केस आणून टाकले, पहिल्या पावसात वाहून गेले. सुतळी बॉम्ब लावले तर डुकरं पळतात पण अर्ध्या तासात परत येतात आणि आपण मात्र रात्रभर जागे. माळ्यावर बसून डबा वाजवणं सासऱ्यांच्या काळात व्हायचं, ते होते तोपर्यंत चाललं. मी एकटीनं रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन त्या रानात जाणं म्हणजे डुकरापेक्षा बिबट्याची भीती जास्त, आणि पिल्लं असलेली मादी अंगावर आली तर पळायला जागा नसते. थ्री फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असते त्यामुळं उसाला पाणी पाजायला जावंच लागतं, तेव्हा एकदा उसाच्या सरीतून समोरून एकटा नर निघाला, दहा-बारा हातांवर. हुंकारला आणि बाजूच्या सरीत घुसला. तेवढंच झालं पण त्या रात्री मी मोटर बंद न करताच घरी आले.

तर मागच्या वर्षी मे महिन्यात कराडच्या एका दुकानातून सोलर झटका मशीन घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाजारात एकसारखी दिसणारी दहा नावं आहेत आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. खर्च असा आला, मशीन, १२ व्होल्टची बॅटरी आणि २० वॅटचं पॅनेल मिळून ११,८०० रुपये. रानाचा घेर ३६० मीटर भरला, तीन पदरी तार म्हणजे जवळपास ११०० मीटर, १४ गेजची जीआय तार साधारण २७ किलो लागली तिचे २,६०० च्या आसपास. १२ फुटाला एक खांब धरून शंभरेक खांब, ते घरच्या बांबूचे. प्रत्येक खांबाला तीन इन्सुलेटर, त्याचे १,८००. अर्थिंगचे रॉड, दाराचं हँडल, सूचनेच्या पाट्या वगैरे धरून सगळं मिळून १८ हजाराच्या जवळ गेलं. बसवायला भाऊ दोन दिवस आला होता त्याची मजुरी धरलेली नाही.

पहिला महिना मी दुकानदाराला रोज शिव्या घातल्या आणि त्यातल्या अर्ध्या त्याच्या चुकीपायी होत्या. त्यानं एकच अर्थिंग रॉड दिला, दोन फुटाचा, आणि म्हणाला बास होतंय. आमची जमीन मुरमाड, मे महिन्यात नुसता दगड. मशीन टिक टिक करतंय, लाईट लागतेय, आणि तारेला हात लावला तर मुंगी चावल्यासारखं. मग माझ्या भावानं समजावलं ते सगळ्यांनी नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के लोकांचं मशीन इथंच फसतं. करंट तारेतून जनावराच्या अंगात जातो, पायातून जमिनीत उतरतो आणि जमिनीतून अर्थिंगच्या रॉडमार्फत परत मशीनला येतो, ही फेरी पूर्ण झाली तरच झटका. जमीन कोरडी असेल नाहीतर रॉड लहान असेल तर फेरी तुटते आणि डुक्कर निवांत तार ओलांडतं. आम्ही पाच फुटाचे तीन रॉड दहा-दहा फुटांवर ठोकले, पाझराच्या कडंला जिथं ओल राहते तिथं, खड्ड्यात कोळसा आणि मीठ घातलं, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतते. घरातल्या मीटरच्या अर्थिंगपासून हे रॉड लांब ठेवायचे, त्याला जोडायचे नाहीत. त्या दिवशी टेस्टर लावला तर साडेआठ हजार व्होल्ट दाखवलं. आणि मी मुद्दाम हात लावून बघितला, कोपरापासून खांद्यापर्यंत कुणीतरी काठी मारल्यासारखं झालं आणि हात आपोआप मागं आला. करंट सलग नसतो, सेकंदाला एक ठोका येतो म्हणून माणूस चिकटत नाही, सुटतो.

दुसरी चूक उंचीची. दुकानातला फोटो बघून आम्ही पहिली तार गुडघ्याला लावली होती. ती गाईम्हशीसाठी बरोबर आहे, डुक्कर मुंडी खाली घालून चालतं, ते खालूनच गेलं. आता सगळ्यात खालची तार एक वीत, दुसरी एक हात आणि तिसरी मांडीला लागेल अशी. डुकराच्या अंगावर राठ केस आणि खाली जाड चरबी, पाठीला तार लागली तर त्याला काही वाटत नाही, उलट पुढंच पळतं. झटका लागला पाहिजे ओल्या नाकाला. नाकाला लागला की ते मागं फिरतं, मानेच्या मागं लागला की पुढं घुसतं, एवढाच सगळा खेळ आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी शेंगा काढायला आठ दिवस राहिले होते तेव्हा मी आणि सासूबाई शेडच्या माळवदावर झोपायला गेलो, मशीनवर विश्वास बसत नव्हता म्हणून. रात्री दीडच्या सुमाराला ओढ्याच्या बाजूनं दगड गडगडले, मग घुसमटल्यासारखा घुर्रघुर्र आवाज. टॉर्च लावायची नाही असं आमचं ठरलं होतं. चांदणं होतं त्यात काळे ठिपके दिसले, पुढं एक मोठी मादी आणि मागं पाच की सहा पिल्लं, पट्टे गेलेली, कुत्र्याएवढी झालेली. ती तारेच्या अलीकडं थांबली. डुकराला नजर कमी पण वास भयंकर, ती नाक वर करून वास घेत होती, शेंगांचा वास तिला येतच होता. मग नाक खाली घालून पुढं आली आणि तारेला लावलं. जी किंकाळी फोडली ती वरच्या वाडीपर्यंत गेली असेल. सगळा कळप एकमेकांवर पडत ओढ्यात उतरला, झुडपं मोडल्याचा आवाज लांबपर्यंत येत राहिला. सासूबाईंनी माझा हात धरला होता तो बराच वेळ सोडला नाही, मग म्हणाल्या, "झोप आता." आणि खरंच आम्ही दोघी झोपलो. सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री सलग झोप लागली असं लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा घडलं. त्या वर्षी भुईमूग पूर्ण पदरात पडला, म्हणजे मशीनचा अर्धा खर्च तिथंच फिटला.

आता तक्रारी, आणि त्या मोठ्या आहेत. २० वॅटचं पॅनेल आमच्या भागाला पुरत नाही. पाटणचा पाऊस ज्यांना माहितेय त्यांना सांगायला नको, जुलै-ऑगस्टात दहा दहा दिवस सूर्य दिसत नाही. श्रावणात बॅटरी उतरली, मशीनचा ठोका मंद झाला आणि सातव्या रात्री डुकरं मक्यात. दुकानात विचारलं तर म्हणे बॅटरीच खराब आहे, बदलून मिळेल, आणि बदलून मिळायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस! ऐन कणसं भरायच्या वेळेला. मी रोज फोन करायचे, रोज उद्या. तोपर्यंत आमच्या चुलत दिरांच्या ट्रॅक्टरची बॅटरी दिवसा चार्ज करून रात्री लावली. शेवटी खराब बॅटरी नव्हतीच, पॅनेल लहान होतं. ४० वॅटचं पॅनेल २,१०० रुपये देऊन वेगळं घेतलं तेव्हापासून यंदाच्या पावसातसुद्धा अडचण आलेली नाही. पश्चिमेकडच्या सगळ्यांना सांगते, पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा वरचा भाग, पहिल्यापासूनच ४० वॅट मागा. माण-खटाव, जत, आटपाडीकडं कदाचित २० वॅट चालेल, तिकडं ऊन आहे, पण तिकडं मग उन्हाळ्यात अर्थिंगची ओल सांभाळायला लागणार.

गवत ही दुसरी डोकेदुखी. पावसाळ्यात गवताची पात तारेला टेकली की तेवढा करंट जमिनीत जातो. एका पातीनं काही होत नाही, पण ३६० मीटरवर हजार पाती टेकल्या की साडेआठ हजारावरचं टेस्टर तीन हजारावर येतं. माझा अनुभव असा की पाच हजाराच्या खाली आलं की डुकरं दाद देत नाहीत. पहिला महिना सोडला तर १४ महिन्यात डुकरं तीनदा आत आली, एकदा बॅटरीमुळं, एकदा फांदी पडून तार तुटली म्हणून, आणि एकदा गवतामुळं, म्हणजे माझ्यामुळं, कारण पोरगं आजारी होतं आणि मी पाच दिवस तारेकडं गेलेच नाही. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी पूर्ण घेराला एक चक्कर मारायची, चार कोपऱ्यांवर टेस्टर लावायचा, विळा बरोबर ठेवायचा. वीस मिनिटांचं काम आहे. हे ज्याला जमणार नाही त्यानं मशीन घेऊ नये, पैसे वाया जातील. तणनाशक मारून तारेखालची पट्टी जाळता येते, पण आमच्याकडं त्याच पट्टीतलं गवत म्हशीला लागतं म्हणून मी कापते.

मशीनला भोंगा आहे, तार तुटली किंवा कुठं जास्त करंट उतरला की वाजतो. पहिले पंधरा दिवस रात्री पाच-पाच वेळा वाजला, ओलं पान पडलं तरी वाजायचा. वस्तीवरच्या लोकांनी बोलून दाखवलं. त्याचं बटण आतल्या बाजूला असतं, ते कमीवर केलं की ठीक होतं. पुस्तिका इंग्रजीत आणि हिंदीत आहे, मराठीत नाही, आणि हे मशीन विकतात कुणाला तर आम्हाला. याचा मला खरंच राग येतो. अर्थिंग कसं करायचं हे एका पानावर मराठीत छापलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

आता दुसरा विषय, डुकरं मारण्याचा, कारण हे मशीन लावल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न मला त्यावरच आले. माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला नोकरीला आहे, तो ऑफिसच्या लोकांबरोबर एका रँचवर रात्री डुकरांच्या शिकारीला गेला होता आणि त्यानं त्याचे व्हिडिओ पाठवले. थर्मल दुर्बिणीत अंधारात डुकरं पांढरी फटफटीत दिसतात, अंगाची उष्णता दिसते त्यात, उजेड लागतच नाही. गाडीतून कळप शोधायचा, वाऱ्याच्या उलट बाजूनं चालत जायचं आणि मग बंदुका. एका रात्रीत नऊ मारली म्हणाला. तिथं खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की डुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्स पण लागत नाही, आणि २०११ पासून तर हेलिकॉप्टरमधून मारायला परवानगी आहे. तो व्हिडिओ पोरांनी पारावर सगळ्यांना दाखवला आणि झालं, चार दिवस गावात तोच विषय, आपल्याला पण असं पाहिजे, सरकारनं परवानगी द्यावी, काकी तुमचा झटका म्हणजे नुसतं गुदगुल्या.

मी पुतण्याला फोन करून नीट विचारलं. तो म्हणाला काकी, इथली डुकरं मूळची इथली नव्हेतच, स्पेनच्या लोकांनी जहाजातून आणलेली पाळीव डुकरं सुटली, नंतर शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, त्यांची पैदास माजली. आणि इतकी मारून कमी झाली का तर नाही. दरवर्षी तीनातली दोन मारली तरच आकडा आहे तिथं राहतो असं तिथले शेतीविद्यापीठाचे लोक सांगतात. चार महिन्यात मादी विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं, बंदूक त्याला कुठं पुरी पडणार. एक मारलं तर दुसरा कळप त्या जागेवर येतो. मला माझा भुईमूग वाचवायचाय, डुकरं मोजायची नाहीत.

आणि आपल्याकडं डुक्कर या डोंगराचंच आहे. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो आमच्या डोक्यावरच आहे. बिबट्या आणि कोळसुंदे (रानकुत्री) डुकराच्या पिल्लांवरही जगतात, वर खायला काही उरलं नाही तर बिबट्या गोठ्यात येणार, आमच्या शेळ्या आहेत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं विनापरवाना शिकार गुन्हा आहे, पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती काढून जे करतील त्यांना मी नावं ठेवत नाही, ज्याचं पीक गेलंय त्याचं दुःख मला माहितेय. पण चोरून फासकी लावणं आणि डुकरासाठी खाण्याच्या गोळ्यात बारूद घालून ठेवणं हे करू नका. फासकीत डुक्कर अडकेल नाहीतर बिबट्या, आणि बारुदाचा गोळा आमच्या इथं एका म्हशीनं चावला होता. तिचा जबडा मी डोळ्यांनी बघितलाय, तीन दिवस ती उभी होती.

त्याहून वाईट म्हणजे तारेत डायरेक्ट लाईन सोडणं. मोटरच्या पेटीतून वायर काढून कुंपणाला जोडतात, रात्री सोडायची सकाळी काढायची. झटका मशीन आणि हे एकच असं समजू नका. मशीनचा ठोका सेकंदाला एकदाच येतो आणि लगेच संपतो, लाईनचा करंट सलग असतो, माणूस चिकटला की सुटत नाही. पाणी पाजायला निघालेली माणसं, स्वतःच्याच कुंपणाला शेतकरी, पोरं, अशी मेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. घरच्या लाईटवर चालणारं मशीन घेतलं तरी ते मशीनच पाहिजे, मधी मशीन नसताना तार लाईटला जोडायची नाही. घेताना खोक्यावर ६०३३५-२-७६ हा कुंपण मशीनचा सुरक्षेचा नंबर आहे का बघा, माझ्या मशीनवर आहे, शेजारच्या गावात एकानं लोकल बनवलेलं साडेतीन हजाराला घेतलंय त्याच्यावर काहीच नाही, त्याला मी दोनदा सांगून आले. पाट्या लावा, वाटेच्या बाजूला दर पाच-सहा खांबांना एक, आणि पोरांना दिवसा तार दाखवून समजावून सांगा. माझ्या धाकट्यानं तरी पण एकदा हात लावला, रडला, पाच मिनिटात खेळायला गेला.

एक गोष्ट मात्र मला टोचते. पावसाळ्यात खालच्या तारेला बेडूक चिकटून मेलेले सापडतात, ते पळत नाहीत, झटका बसला की तिथंच आकसतात. त्यावर मी खालची तार दिवसा बंद ठेवते, तिला वेगळा स्विच बसवून घेतलाय दीडशे रुपयात, रात्री आठ ते सकाळी सहा चालू. त्यानं कमी झालंय, बंद झालं नाही.

अनुदानाचं बरेच जण विचारतात. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी ते मिळतं. मला हे मशीन घेतल्यावर कळलं, आधी घेतलेल्याला मिळत नाही म्हणाले. तुम्ही आधी तुमच्या वनरक्षकाला भेटा आणि आपलं गाव यादीत आहे का विचारा, मग दुकानात जा.

मार्क द्यायचे तर मशीनला पाचपैकी चार, दुकानाच्या सर्व्हिसला दीड. परत घेईन का तर घेईन, पण दुसऱ्या दुकानातून, ४० वॅटचं पॅनेल आणि तीन रॉड आधी मोजून. दोन-तीन शेतकरी मिळून एकच मोठा घेर केला तर आणखी स्वस्त पडेल, आमच्या वरच्या दोन खातेदारांशी माझं बोलणं चालू आहे, मधला बांध सोडायला एक जण तयार नाही. यंदाचा भुईमूग फुलावर आलाय, बॅटरीची वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, त्याआधी एकदा कराडला नेऊन तपासून घेणार आहे आणि तेवढ्या एका रात्रीसाठी दिरांना ट्रॅक्टरची बॅटरी आत्ताच सांगून ठेवलीय.